९०० ग्रॅमचा ट्रायपॉड, २०० मिलिमीटरची लेन्स: एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातली छायाचित्रकार माझी जुनी मैत्रीण. तिच्या परवानगीनेच लिहितोय, नावगाव मुद्दाम गाळलं आहे. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा. डोंगरातले झरे, धबधबे, पहाटेचं धुकं आणि रात्रीचं आकाश हा नाद. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम, मिररलेस. लेन्स तीन: २० मिमी, २४-७० आणि ७०-२००; आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. यातली सगळ्यात जड जोडी, म्हणजे कॅमेरा आणि ७०-२००, सुमारे २.२ किलो भरते.

तिचा पहिला ट्रायपॉड अॅल्युमिनियमचा होता. हेडसकट, म्हणजे कॅमेरा बसवायच्या वरच्या भागासकट, २.६ किलो, घडी केल्यावर ६६ सेंटिमीटर. उभा केला की खांबासारखा उभा राहायचा. त्याच्यात दोष एकच, तो घरी राहायचा. आदल्या रात्री पिशवी भरताना सगळं बसायचं, शेवटी ट्रायपॉड उरायचा आणि "उद्या हातात धरूनच काढू" म्हणत दाराआड जायचा.

म्हणून तिने कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतला. हेडसकट ९०० ग्रॅम, प्रत्येक पाय पाच नळ्यांचा, घडी ३३ सेंटिमीटर. सगळ्यात वरची, म्हणजे सगळ्यात जाड नळी २२ मिलिमीटर व्यासाची. खोक्यावर भारक्षमता लिहिली होती ८ किलो. आपलं सामान सव्वादोन किलोचं, म्हणजे हातात भरपूर शिल्लक आहे, असा तिचा हिशोब. हा हिशोब बहुतेक जण असाच करतात; मीही एकेकाळी केला आहे.

अडचण

नवा ट्रायपॉड प्रत्येक वेळी बरोबर जाऊ लागला, पण परत आल्यावर मोठ्या पडद्यावर बघितलं की धबधब्याच्या फोटोंतले खडक धूसर. पाणी रेशमासारखं वाहतं दिसायला हवं आणि खडक कोरल्यासारखा. इथे दोन्ही रेशमी. तीन-चार फेऱ्यांनंतर ती म्हणाली, "अरे, जरा बऱ्या कंपनीचा कार्बन सुचव ना. हा स्वस्तातला निघाला."

इथे पहिला निर्णयबिंदू होता आणि तो जवळजवळ हुकला. मी दोन नावं सांगितली असती तर तिने तसाच, त्याच वजनाचा, जास्त किमतीचा ट्रायपॉड घेतला असता. त्याऐवजी मी म्हटलं, "आधी बिघडलेले फोटो दाखव."

शंभरेक फोटो आम्ही लेन्स आणि शटरच्या वेळेनुसार लावले आणि चित्र बरंच स्पष्ट झालं. २० मिमीवरचे ताऱ्यांचे फोटो स्वच्छ. २४-७० वरचे बहुतेक ठीक. बिघडलेले जवळपास सगळे ७०-२०० च्या लांब टोकाला, म्हणजे २०० मिमीजवळ, आणि तेही एक पंधरांश ते एक सेकंद या पट्ट्यात. त्याच लेन्सवर ८ सेकंदांचे फोटो मात्र चालण्याजोगे.

लांब लेन्स किती निष्ठुर असते याचं गणित साधं आहे. फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणारा भाग, ३६ मिमी रुंद. त्या रुंदीत ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. २०० मिमीवर कॅमेरा ०.०३ मिलिरेडियन कलला की चित्र एक पिक्सेल सरकतं. ट्रायपॉडचे पाय एकमेकांपासून मीटरभर अंतरावर धरले, तर एखादा पाय ३० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे साधारण अर्ध्या केसाच्या जाडीइतका, वरखाली झाला तरी तेवढा कल येतो. २० मिमीवर हीच सूट दहापट मिळते. त्यामुळे "ट्रायपॉड चांगला आहे का" या प्रश्नाला लेन्स सांगितल्याशिवाय उत्तरच नसतं.

आणि तो एक पंधरांश ते एक सेकंदाचा पट्टा? बटण दाबणं, शटरची हालचाल, वाऱ्याची झुळूक यांनी ट्रायपॉड थरथरतो आणि थोड्या वेळाने शांत होतो. एक पाचशेअंश सेकंदात कॅमेऱ्याला हलायला फुरसत नसते. ८ सेकंदांत थरथरीचा काळ एकूण वेळेच्या मानाने लहान ठरतो. अर्धा सेकंद मात्र पुरताच थरथरीत जातो.

तपासणी

चाचणी घरगुती होती. बारीक छपाईचा कागद भिंतीवर लावला, १५ मीटरवर ट्रायपॉड, लेन्स २०० मिमीवर. कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं केलं, लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारली आणि अक्षरं स्थिर व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघितलं.

मधला दांडा, म्हणजे कॅमेरा आणखी उंच करायला पायांच्या मधून वर सरकणारी नळी, पूर्ण वर: जवळपास ५ सेकंद. दांडा खाली: २ सेकंदांपेक्षा थोडं जास्त. दांडा खाली आणि सगळ्यात बारीक नळ्या आत ढकललेल्या: सव्वा सेकंदाच्या आसपास. प्रयोगशाळेची मापं नव्हेत ही, पण एकाच ट्रायपॉडच्या तीन अवस्थांत एवढा फरक पडतो हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मी तासभर बोललो असतो तरी एवढं पटलं नसतं.

यातून चुकीचं मूळही सापडलं. ती नेहमी २ सेकंदांचा टायमर लावायची आणि दांडा वर काढायची, कारण त्याशिवाय ट्रायपॉड तिच्या उंचीला येत नव्हता. थरथर थांबायला ५ सेकंद आणि शटर उघडतं दुसऱ्याच सेकंदाला! टायमर १० सेकंदांवर नेला, तीच मांडणी, तीच लेन्स, आणि अर्ध्या सेकंदाचा फोटो लख्ख आला.

दुसरी गोष्ट ओघात सापडली. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी सोय, कायम चालू असायचं. अनेक निर्माते ट्रायपॉडवर ते बंद ठेवायला सांगतात. तिच्या कॅमेऱ्यात चालू ठेवल्यावर एक-दोन सेकंदांच्या फोटोत किंचित सरक दिसत होती, बंद केल्यावर ती गेली.

खोक्यावरच्या ८ किलोंचं काय? भारक्षमता मोजण्याची सगळ्या कंपन्यांना बांधील अशी एकच पद्धत नाही. तो आकडा फार तर पाय घसरणार नाहीत किंवा मोडणार नाहीत एवढं सांगतो. किती थरथरेल आणि किती वेळात थांबेल, हे त्यात कुठेच नसतं. पिंपावर उभं राहता येतं म्हणून पिंपावर बसून सुईत दोरा ओवता येतोच असं नाही.

पर्याय

पहिला पर्याय फुकटचा होता: आहे तोच ट्रायपॉड ठेवायचा आणि पद्धत बदलायची. दांडा खाली, टायमर १० सेकंद, स्टॅबिलायझेशन बंद. मी आग्रहच धरला की महिनाभर हे करून बघ, मग खरेदीचं बोलू. निवांत पहाटे हे उत्तम चाललं. धबधब्याशी मात्र गाडी अडली. पडणारं पाणी स्वतःचाच वारा तयार करतं, आणि वारा सतत असेल तर थरथर थांबायची वाट कितीही बघा, ती पुन्हा सुरू होते. शिवाय दांडा खाली ठेवला की कॅमेरा तिच्या छातीपर्यंतच यायचा. तासभर वाकून पाठ धरायची.

दुसरा पर्याय प्रवासी घडणीचा: पाय उलटे वर वळून हेडभोवती मिटतात, वरची नळी साधारण २५ मिमी, हेडसकट दीड किलोच्या आतबाहेर, घडी चाळीसेक सेंटिमीटर. तिसरा: २८ मिमीची वरची नळी, चार नळ्यांचा पाय, मधला दांडाच नाही, हेडसकट १.८ किलो, घडी ५२ सेंटिमीटर. चौथा, ३२ मिमीचा तीन नळ्यांचा, आम्ही दहा मिनिटांत सोडला. तो पुन्हा दाराआडच गेला असता.

पाचवा पर्याय तिनेच काढला: तिसऱ्यासारखीच घडण, पण अॅल्युमिनियममध्ये. प्रश्न रास्त होता. कार्बन फायबरच्या नळीची घनता साधारण १.६, अॅल्युमिनियमची २.७, हे आकडे ऐकून वाटतं की ट्रायपॉड जवळपास निम्म्या वजनाचा होईल. तसं होत नाही, कारण वरचा सांधा, कोनाचे खटके, लॉकच्या कड्या, स्क्रू हे सगळं दोन्हीकडे धातूचंच असतं. पीक डिझाइन कंपनीचा प्रवासी ट्रायपॉड दोन्ही रूपांत मिळतो: कार्बनचा सुमारे १.३ किलो, अॅल्युमिनियमचा १.५६. फरक पाव किलोच्या आसपास. जिट्झो कंपनीने १९९४ मध्ये कार्बनचा ट्रायपॉड बाजारात आणला, तेव्हापासून कार्बन म्हणजे हलका असं समीकरण डोक्यात बसलं आहे. ते खरं आहे, पण तिच्या ९०० ग्रॅमचं श्रेय कार्बनइतकंच, किंबहुना जास्त, बारीक नळ्यांना होतं.

नळीचा ताठपणा भिंतीची जाडी तीच धरली तर व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. २२ च्या जागी २८ घेतली की दुप्पट. पण खरा खेळ खालच्या टोकाला आहे. एकात एक सरकायची म्हणून प्रत्येक नळी आधीच्यापेक्षा साधारण ३ मिमी बारीक असते. पाच नळ्यांचा पाय २२ पासून निघाला की तळाशी १० मिमी उरते. चार नळ्यांचा २८ पासून निघाला की तळाशी १९. त्याच घनाच्या हिशोबाने तळाच्या नळीत जवळपास सात पटींचा फरक. जाहिरातीत मात्र "दहा थरांचा कार्बन" ठळक असतं. थर किती यापेक्षा तंतू कोणत्या दिशेने बसवले आहेत याला महत्त्व: लांबीच्या दिशेने बसवलेले वाकणं रोखतात, तिरके बसवलेले पिळवटणं रोखतात. खोक्यावरून ते कळायला काहीच मार्ग नाही.

कार्बनच्या बाजूने एक गोष्ट वजनाइतकीच मोलाची आहे. तो थरथर अॅल्युमिनियमपेक्षा लवकर शोषतो. आणि कडाक्याच्या पहाटे हाताला धातूसारखा चटका देत नाही, हे तिने स्वतःहून यादीत लिहिलं.

निर्णय

दुसरा की तिसरा, इथे गाडी आठवडाभर अडली. ३०० ग्रॅमचा फरक, घडीत १०-१२ सेंटिमीटरचा. तिचा ओढा दुसऱ्याकडे, माझा तिसऱ्याकडे. सुटका झाली ती दोन मापांनी.

पहिलं माप उंचीचं. कंपनीची "कमाल उंची" बहुधा दांडा पूर्ण वर काढून दिलेली असते, तिच्यावर विसंबायचं नाही. तिची उंची १६० सेंटिमीटर, डोळे सुमारे १४९ वर. त्यातून बॉल हेडची, म्हणजे गोळ्यावर फिरणाऱ्या हेडची, १० आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतची ९ वजा केली तर पायांची उंची १३० हवी, दांडा न काढता. तिसरा १३२ पर्यंत जात होता. दुसरा दांडा खाली ठेवून ११८ वरच थांबत होता, म्हणजे दांडा पुन्हा वर जाणार आणि आपण पुन्हा पाच सेकंद मोजत बसणार.

दुसरं माप पिशवीचं. मी तिला सहज विचारलं, "अगं, पण पिशवी भरते किती?" कधी तोललीच नव्हती. तोलली तर ९.४ किलो. ट्रायपॉडच्या शंभर-शंभर ग्रॅमसाठी भांडत होतो आणि पिशवीत सहा काचेचे फिल्टर त्यांच्या पेटीसकट होते, त्यातले चार वर्षभरात बाहेर आले नव्हते. २४-७० लेन्स फोटोंच्या नोंदीत झऱ्यांच्या फेऱ्यांना जेमतेम दिसत होती. फिल्टर दोनच ठेवले, २४-७० झऱ्यांच्या फेऱ्यांना घरी. पिशवी १.२ किलोंनी उतरली. जुन्या ९०० ग्रॅमच्या ट्रायपॉडच्या जागी १.८ चा घेऊनही पाठीवरचं ओझं आधीपेक्षा कमीच झालं.

तरीही लगेच घेतला नाही. तिसरा ट्रायपॉड दोन दिवस भाड्याने आणला, तोच कागद, तेच १५ मीटर, तीच टिचकी. पाय पूर्ण लांब करून अक्षरं सेकंदाभरात स्थिर. मग घेतला.

प्रत्यक्ष कृती

हेड निवडताना वेळ घालवला नाही. ३६ मिमी बॉल, ४०० ग्रॅमच्या आसपास, घर्षण कमीजास्त करायची वेगळी कळ, आणि आर्का पद्धतीची पकड, म्हणजे कॅमेऱ्याखालची प्लेट धरणारा जबडा. या पकडीचा फायदा असा की वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटी सहसा तिच्यात बसतात. "सहसा" हा शब्द महत्त्वाचा. काही खटक्याच्या पकडी दुसऱ्या कंपनीच्या प्लेटीला ढिल्या पडतात, स्क्रूची पकड अशा वेळी बरी. तिने स्क्रूची घेतली.

कॅमेऱ्याला एल आकाराची प्लेट लावली. उभा फोटो घ्यायला हेड बाजूला पाडलं की कॅमेऱ्याचं वजन मध्यावरून ढळतं. ही प्लेट असली की कॅमेरा काढून उभा बसवायचा, वजन पायांच्या मधोमधच राहतं. ७०-२०० मात्र लेन्सच्या स्वतःच्या पायावर, म्हणजे लेन्सला खालून जोडलेल्या आधारावर बसवली. आधी ती कॅमेरा पकडीत बसवून लेन्स पुढे लोंबकळत ठेवायची, आणि बॉल घट्ट केला तरी चौकट एक-दोन मिनिटांत किंचित खाली यायची.

वाऱ्यासाठी पिशवी लटकवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. लटकलेली पिशवी वाऱ्यात झोका घेते आणि ट्रायपॉडला घेऊन हलते. तिने पट्टा लांब केला, पिशवीचा तळ जमिनीला टेकेल इतका. ओढ राहिली, झोका गेला.

पाय उघडण्याचा क्रमही बदलला. उंची कमी लागणार असेल तर वरच्या जाड नळ्या आधी काढायच्या, बारीक नळ्या आतच. वाहत्या पाण्यात पाय ठेवायचा असेल तेव्हा उलट: तळाची एक नळी थोडी बाहेर, म्हणजे लॉकची कडी पाण्याच्या वर राहते आणि वाळू आत शिरत नाही.

परिणाम

पुढच्या दहा महिन्यांत ट्रायपॉड एकदाही दाराआड राहिला नाही. २०० मिमीवर अर्ध्या सेकंदाचे फोटो आता बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात स्वच्छ येतात. जोराच्या वाऱ्यात अजूनही चार-पाच काढून एक निवडावा लागतो. त्यावर तोडगा चौथ्या पर्यायात होता आणि तो आम्ही जाणूनबुजून सोडला होता.

तक्रारीही आहेत. ५२ सेंटिमीटरची घडी पिशवीच्या बाजूला लावली की वर डोकावते आणि झुडपात अडकते. समुद्रावर एकदा वापरल्यावर फिरकीची लॉक करकरू लागली. सगळ्या नळ्या काढून गोड्या पाण्याने धुवाव्या लागल्या, वाळवून थोडं ग्रीस लावावं लागलं. पहिल्या खेपेला अर्धा दिवस गेला, कारण आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या कुठल्या नळीच्या हे काढताना नोंदवलं नव्हतं. आता नळ्या काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढते.

एकदा मोठं नुकसान थोडक्यात टळलं. अंधारात एका पायाच्या कोनाचा खटका पूर्ण बसला नव्हता. कॅमेरा चढवल्यावर तो पाय सुटून फाकला, कॅमेरा कलला, तिने हातात झेलला. तेव्हापासून कॅमेरा चढवण्याआधी ती वरच्या सांध्यावर तळहाताने दाबून बघते. कार्बनच्या नळीला पोचा पडत नाही, जोराचा मार बसला की ती तडकते. म्हणून त्या दिवशी नळ्यांवरून बोट फिरवून आणि उजेडात धरून तपासल्या. तडा नव्हता.

आज पुन्हा ठरवायचं तर

तिच्या बाजूने उत्तर सरळ आहे: पहिला कार्बनचा ट्रायपॉड घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणायला हवा होता, आणि पिशवी तेव्हाच तोलायला हवी होती. भारक्षमतेच्या आकड्याकडे न बघता वरच्या आणि तळाच्या नळीचा व्यास विचारायला हवा होता.

चूक माझ्याकडूनही झाली. उंचीचं गणित मी सपाट जमिनीचं केलं. झरे सपाटीवर नसतात. उतारावर एक पाय खाली लांब सोडावा लागतो, तो संपला की बाकीचे दोन आखडावे लागतात, आणि तिचे १३२ सेंटिमीटर तिथे ११० च्या आसपास येतात. तिने पहिल्याच महिन्यात हे फोनवर सुनावलं: "तुझं गणित दिवाणखान्यातलं होतं रे!" तीच घडण थोड्या लांब पायांची मिळत होती, दीडशे-दोनशे ग्रॅम जास्त आणि घडी ५८. ती मी यादीत घ्यायला हवी होती. घेतली असती तर तिने निवडली असती का, याबद्दल आमचं एकमत नाही. ती म्हणते नाही, ५२ चाच त्रास होतो. सध्या उतारावर ती पडदा वर वळवून, खाली बसून फोटो काढते.

मधला दांडा नाही याची उणीव मात्र तिला एकदाच भासली, टेबलावरच्या वस्तूंचे फोटो घेताना. दर सेंटिमीटरला तिन्ही पाय सोडून पुन्हा आवळायचे म्हणजे वैताग. असलं काम वरचेवर असतं तर तिसरा पर्याय चुकीचाच ठरला असता.

९०० ग्रॅमवाला विकायचं ठरलं होतं. तो विकला नाही. २० मिमीवर तारे टिपताना, ५०० ला लेन्सच्या मिमीने भागायच्या ढोबळ नियमाने, ५०० भागिले २०, म्हणजे २५ सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवलं तरी ताऱ्यांच्या रेघा फारशा दिसत नाहीत, आणि एवढ्या रुंद लेन्सला त्या बारीक पायांची थरथर जाणवत नाही. रात्रीच्या आकाशासाठी एकटी वर चढते तेव्हा तोच बरोबर असतो, दांडा खाली आणि टायमर १० सेकंदांवर.